कायद्यातील पळवाट आणि गृहस्थाचा वृक्षधर्म

तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखातील कुंभकोणम हे कावेरीकाठचे प्राचीन क्षेत्र होय. तेथील आदि कुंभेश्वराच्या देवळाचा स्थलवृक्ष शमी आहे. तमिळ भाषेत तिला वन्नी म्हणतात. देवाबरोबर तिलाही वंदन घडते, म्हणून तिच्यावर कुऱ्हाड उचलण्याचा विचार भाविकाच्या मनास शिवत नाही. परंतु देवळाच्या भिंतीबाहेरील वृक्षांचे काय? तमिळनाडूत वृक्षरक्षणाचा 1955 चा कायदा आहे खरा. पण तो डोंगराळ प्रदेशापुरता, आणि कुंभकोणम वसले आहे सपाटीवर.

शहरांसाठी कायदा झाला म्हणजे भागले, असेही नाही. महाराष्ट्राने 1975 साली नागरी क्षेत्रांतील वृक्षांसाठी कायदा केला व वृक्षतोडीस वृक्ष प्राधिकरणाची अनुज्ञा आवश्यक ठरविली. पुढे 2017 च्या दुरुस्तीने 25 वृक्षांपर्यंतची अनुज्ञा एकट्या आयुक्तांच्या हाती आली. मग ज्यास 100 वृक्ष तोडावयाचे असतील त्याने 25-25 चे चार अर्ज करावेत, एवढी वाट सोपी झाली! प्रत्येक अर्ज निर्दोष, आणि राई मात्र नाहीशी.

दुसरी पळवाट काळाची. मुंबईच्या आरे वसाहतीतील वृक्षांविषयीच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या व त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला ती थांबविली, तोवर 2,100 हून अधिक वृक्ष पडले होते. पडलेल्या वृक्षास कोणता निकाल उभा करणार?

तेव्हा एका कामाचे सर्व वृक्ष एकत्रच मोजावेत, आणि अनुज्ञा व कुऱ्हाड यांमध्ये दाद मागण्यापुरता अवधी असावा, हे कायद्याने करावयाचे काम आहे. तथापि पळवाट शोधणारे मन गृहस्थाचेच असते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने छेदावा असे सांगितले आहे. येथे मात्र मनुष्य आतला वृक्ष जपतो आणि आसक्तीच्या कुऱ्हाडीने अंगणातील पिंपळ तोडतो.

कोणी म्हणेल, घरावर कललेला वृक्षही तोडू नये काय? अवश्य तोडावा. ज्याची गरज खरी असते तो ती उघडपणे मांडतो, आणि वृक्षांची पूर्ण संख्याही सांगतो. संख्या लपवावीशी वाटली की गरज संपून लोभ सुरू झाला, असे समजावे. अर्जावर सही करण्यापूर्वी गृहस्थाने त्या वृक्षाच्या सावलीत क्षणभर उभे राहून एवढी परीक्षा स्वतःची घ्यावी.