कलमाचा फोटो

देवगडच्या सड्यावर, गडग्याला पाठ टेकून बसा. समोर हापूसचं जुनं कलम आहे. मोबाइल खिशातच राहू दे, आधी झाड बघा. मोहोर झडलाय आणि खालच्या फांदीवर कणी धरलीय, वाटाण्याएवढी. चारच आहेत. सावकाश मोजा.

आता फोटो काढा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून, अक्षांश-रेखांशाच्या फोटोसह करू लागला. सड्यावर रेंज नसते. मग फोटो फोनमध्येच थांबतो आणि रेंज आली की पुढे जातो.

तो थांबतो कुठे? जरा त्याच्यासोबत थांबा. ॲपला फोनमध्ये स्वतःचं घर असतं. त्यातली तात्पुरती जागा म्हणजे पडवी. फोन भरत आला की तिथलं सामान न विचारता काढून टाकलं जातं. जपायचा फोटो माजघरातच हवा. आणि ॲप बनवणाऱ्यानं ॲपच्या नोंदीत फाइलचं नाव तेवढं लिहावं, पूर्ण पत्ता नाही. आयफोनवर ॲप अपडेट झालं की घराचा पत्ता बदलू शकतो. फोटो आत सुखरूप असतो, पण जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

एक श्वास घ्या. पंधरवडा गेला असं समजा.

त्याच फांदीचा नवा फोटो आलाय. जुना लगेच पुसू नका. नवा पुरता लिहून होऊ दे, मग नोंदीत त्याचं नाव घाला आणि जुना सगळ्यात शेवटी काढा. मध्येच बॅटरी गेली तरी एक फोटो हाताशी राहतो. हा क्रम मला फार जवळचा वाटतो. त्यात जुन्याचा मान आहे.

नव्या फोटोला नावही नवंच द्या. तेच नाव ठेवलं तर ॲप कित्येकदा आपल्या आठवणीतला जुना फोटोच पडद्यावर आणतं. फाइल बदललेली असते आणि दिसतं मात्र कालचंच.

आता डोळे मिटा. ती फांदी आठवा. कणी किती दिसतात? चार?

डोळे उघडा. उठून जवळ जा, पान बाजूला करा. दोन गळून गेल्यात. उरलेल्या दोन सुपारीएवढ्या झाल्यात, आणि एकीच्या देठाशी चीक सुकलाय.