युद्धस्मारकाचा क्रूस व त्याखालचीं नांवें

तेल्हारा तालुक्यांत अडगांव हें गांव आहे. तेथल्या रानांत ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं इंग्रजांचें सैन्य आणि भोंसले व शिंदे यांचें सैन्य यांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या बाजूनेंही लढणारे बहुतेक शिपाई हिंदीच होते. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, १७ डिसेंबरास देवगांवीं भोंसल्यांशीं तह झाला. सेनापतींचीं नांवें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्या काळ्या मातींत जे शिपाई पडले, त्यांतील एकाचें तरी नांव आज गांवांत कोणी सांगूं शकेल काय?

हें मनांत धरून आम्ही एका प्रश्नाकडे वळतों. युद्धांत पडलेल्यांच्या स्मारकावर क्रूस असावा काय? आणि असला, तर वारसा म्हणून तो जपणें हें ख्रिस्ती मंडळीचें काम आहे काय?

पुण्याजवळ खडकी येथें दुसऱ्या महायुद्धांतील सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या कबरा आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत या देशांत मेलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांचें स्मारकही तेथेंच आहे. या कबरांमध्यें जो क्रूस उभा आहे, त्याचा नमुना रेजिनाल्ड ब्लूमफील्ड या वास्तुशिल्पकारानें तयार केला, आणि तो देशोदेशींच्या युद्धस्मशानांत उभारला गेला. या क्रूसाच्या दर्शनी बाजूस ब्राँझची तलवार जडविलेली असते. तिचें टोक खालीं असतें.

कांहीं बंधु म्हणतात, प्रभूनें पेत्राला तलवार म्यानांत घालावयास सांगितलें; मग त्याच्याच क्रूसावर तलवार कशाला? असा क्रूस मोडकळीस आला तर येवो. दुसरे म्हणतात, तो जुना आहे, कोरीव आहे, म्हणून राखावा. पहिल्यांचा आक्षेप खरोखर जड आहे, व तो हंसण्यावारीं नेऊं नये. परंतु दोघेही दगडाकडेच पाहतात, असें आम्हांस वाटतें.

क्रूस मूळचा कोणाचा? तो जिंकणाऱ्याचा नव्हे. शिपायांनीं सत्तेच्या हुकुमावरून ज्या निरपराध्यास खिळलें, त्याचा तो आहे. म्हणून कबरांवर उभा राहिलेला क्रूस विजयाची बढाई मारूं शकत नाहीं. येथें निजलेला प्रत्येक मनुष्य देवाला मोलाचा आहे, एवढेंच तो सांगूं शकतो. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हाक मारतो. कळपाची बेरीज करून तो स्वस्थ बसत नाहीं.

या कसोटीस स्मारकें उतरतात काय? १९१५ च्या डिसेंबरापासून ता. २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियांत कूत येथें पुण्याच्या डिव्हिजनला वेढा पडला होता. तींत मराठा पलटणी होत्या. आमच्या महाराष्ट्राचे पुष्कळ पुत्र त्या मुलखांत मेले. पुढें बसरा येथें मोठें स्मारक झालें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं गेलीं. पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीखालीं नुसती संख्या आली. आमच्या देशांत कित्येक गांवीं संगमरवरी पाटी आढळते. तिच्यावरही गांवांतून किती गेले व किती मेले, एवढाच आंकडा असतो. मेलेल्यांत भेद करावयाचा नाहीं, हें ज्या कमिशनचें ब्रीद, त्यानेंच २०२१ सालीं चौकशी करून कबूल केलें कीं, पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें, विशेषतः हिंदी व आफ्रिकी लोकांचें, स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. आणि त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, चूक कबूल झाली ही समाधानाची गोष्ट आहे.

तेव्हां आमचें मत असें. स्मारकाचा क्रूस जपावा. त्याचा चिरा निसटला तर बसवावा, भोंवतालचें गवत काढावें. पण ज्या क्रूसाखालीं गरिबाचें नांव नाहीं, त्याची डागडुजी अर्धीच झाली असें समजावें. आपल्या गांवांतून कोण पलटणींत गेला व परत आला नाहीं, हें म्हाताऱ्या माणसांस विचारावें. जुनें पेन्शनचें पुस्तक, पदक, पत्र कोणाच्या पेटींत असेल तर पाहावें. मिळेल तें नांव मंडळीच्या वहींत लिहावें. तो ख्रिस्ती होता कीं नव्हता, कोणत्या जातीचा होता, हें पाहूं नये. आणि जो दुसऱ्या बाजूनें लढून पडला, त्याचेंही लिहावें.

अडगांवच्या रानांतलीं नांवें आतां बहुधा मिळावयाचीं नाहींत. म्हणून तेथून जाणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें क्षणभर थांबून इतकेंच म्हणावें कीं, हे प्रभो, आम्ही हीं नांवें विसरलों, तूं विसरला नाहींस. आणि घरीं गेल्यावर, जीं अजून आठवतात, तीं विसरण्यापूर्वीं लिहून काढावीं.