उपरा मासा

मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर मिलवॉकी हे शहर वसले आहे. तेथील बंदराच्या धक्क्यावर एप्रिलमधल्या गारठलेल्या पहाटे माणसे गळ टाकून बसलेली असतात. सरोवराचा मध्य अजून बर्फासारखा थंड असतो. काठालगतचे उथळ पाणी मात्र आधी ऊब धरते आणि त्या उबेच्या ओढीने ब्राउन ट्राउट हा देखणा, ठिपकेदार मासा धक्क्यापाशी येतो. काही वर्षांपूर्वी मुलीकडे मुक्कामाला असताना मी या धक्क्यावर जाऊ लागलो. मासेमारीतले मला काहीच कळत नव्हते. एका वृद्ध गृहस्थांनी मला शेजारी बसू दिले आणि पुढे आपल्याजवळचा एक जादा गळही हाती दिला.

ट्राउट क्वचितच लागे. वारंवार लागे तो दुसराच मासा: वीतभरही नसलेला, मातकट रंगाचा, डोळे वर आलेला, पाठीवरच्या पहिल्या परावर काळा ठिपका असलेला. त्याचे नाव राउंड गोबी. आपल्या खाड्यांतल्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांचा तो दूरचा नातलग. तो वर आला की ते गृहस्थ त्याला गळावरून सोडवीत, एका आखूड दांडक्याचा नेमका घाव डोक्यावर घालीत आणि निश्चल झालेला मासा वेगळ्या डब्यात टाकीत. एकदा मी विचारले, "हा तुम्ही खात नाही, मग मारता का?" ते म्हणाले, "तो इथला नव्हे."

उत्तर एवढेच होते. परंतु त्यांच्या दुसऱ्या बादलीत बर्फावर ठेवलेला ट्राउट तरी कुठे तिथला होता?

ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. त्याची अंडी १८८३ साली जर्मनीहून अमेरिकेत आली आणि १८८४ मध्ये मिशिगन राज्यातल्या एका नदीत त्याची पिले सोडली गेली. रेनबो ट्राउट हाही १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियाकडून या सरोवरांच्या प्रदेशात आणलेला. दोघांचीही पैदास सरकारी मत्स्यबीज केंद्रांत होते आणि दरवर्षी त्यांची पिले सन्मानाने पाण्यात सोडली जातात. या सरोवराचा खरा भूमिपुत्र म्हणजे लेक ट्राउट. कालव्यांच्या वाटेने आत शिरलेल्या सी लॅम्प्रे या रक्तशोषक जीवामुळे आणि माणसाच्या बेसुमार मासेमारीमुळे १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मिशिगन सरोवरातून नाहीसा झाला. लॅम्प्रेला आवर घातल्यावर १९६५पासून त्याची पुन्हा लागवड सुरू झाली.

गोबी आला तो मात्र कोणी न बोलावता. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र हे त्याचे माहेर. मालवाहू जहाजे तोल राखण्यासाठी टाक्यांत पाणी भरून घेतात. त्या पाण्यातून तो आला असावा, असे मानले जाते. १९९० साली तो सेंट क्लेअर नदीत प्रथम आढळला आणि पुढच्या काही वर्षांतच पाचही महासरोवरांत पसरला. तो इतर माशांची अंडी खातो आणि तळाशी राहणाऱ्या स्थानिक माशांना त्यांच्या जागेवरून हुसकावून लावतो. त्याला जिवंत बाळगण्यास, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यास सरोवराकाठच्या राज्यांत बंदी आहे. आणि गळाला लागला तर परत सोडू नये, अशीच शिकवण मासेमारांना दिली जाते.

तेव्हा परका या शब्दाने नेमके काय सांगितले जाते? याचे सर्वांत बोलके उत्तर मला यलोस्टोनच्या कथेत सापडले. मिशिगन सरोवरात ज्या लेक ट्राउटसाठी एवढा खटाटोप चालतो, त्याच जातीची पिले १८९० साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या काही तळ्यांत सोडली गेली होती. १९९४ मध्ये तो मासा यलोस्टोन सरोवरात आढळला. तेथला मूळ कटथ्रोट ट्राउट विणीसाठी उथळ ओढ्यांत चढतो. अस्वले आणि मत्स्यगरुड त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, कटथ्रोटला खातो आणि स्वतः अस्वलाच्या हाती लागत नाही. म्हणून यलोस्टोन सरोवरात लेक ट्राउट गळाला लागला तर तो मारलाच पाहिजे, असा नियम आहे. जाळी लावून आजवर असे लाखो मासे मारण्यात आले आहेत. जात तीच, एका पाण्यात तिची जोपासना होते, दुसऱ्या पाण्यात तिला देहान्त शासन. परकेपणा हा माशाच्या अंगचा गुण नव्हे. तो मासा आणि पाणी यांच्यातल्या संबंधाचे नाव आहे, आणि तो संबंध बहुधा माणसाने जुळवलेला असतो.

हे ध्यानात घेतले की 'आक्रमक' हा शब्द खटकू लागतो. आक्रमणाला हेतू लागतो. गोबीला तो नाही. नर गोबी दगडाखालच्या अंड्यांची राखण करतो, पिले बाहेर येईपर्यंत जागचा हलत नाही. आपल्या मूळ पाण्यात हेच त्याचे वात्सल्य ठरते. इथे तेच त्याचे पाप मानले जाते. अपराध असलाच तर तो जहाजाच्या टाकीचा आणि ती बेफिकिरीने रिकामी करणाऱ्याचा. म्हणून गोबीला मारणे ही शिक्षा असू शकत नाही. ते समर्थनीय असेल, तर केवळ दुसऱ्या कशाच्या तरी रक्षणासाठी.

या रक्षणाचा विचार ज्यांनी मूलभूत रीतीने मांडला, ते आल्डो लिओपोल्ड याच विस्कॉन्सिन राज्यात राहिले. १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी नीतीची कक्षा माणसापलीकडे माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांच्या समष्टीपर्यंत नेली. या दृष्टीने पाहता एका गोबीच्या प्राणापेक्षा सरोवराचे स्वास्थ्य मोठे. उलट टॉम रीगन यांनी १९८३ साली असा कठोर आक्षेप घेतला की, समष्टीच्या नावाने एकेका जिवाचा बळी देणारी ही नीती धोकादायक आहे. आपल्याकडे हाच पेच वेगळ्या रूपाने उभा राहिला. १९२८ साली साबरमती आश्रमातल्या एका असाध्य आजारी वासराला गांधीजींनी मृत्यू देवविला. हेही अहिंसेतच बसते, अशी त्यांची भूमिका होती. परंतु तो मृत्यू त्या वासराच्याच दुःखाचा अंत करण्यासाठी होता. पिकांची नासधूस करणाऱ्या वानरांचा प्रश्न निघाला तेव्हा, तो वेगळा आहे हे त्यांनी ओळखले होते. गोबीचा प्रश्न वासराचा नव्हे, वानरांचा आहे. त्याला मारण्यात त्याचे स्वतःचे कोणतेही हित नाही. दयेची पळवाट इथे बंद आहे.

राहतो प्रश्न परिणामाचा. धक्क्यावर दिवसाकाठी दहावीस गोबी मारल्याने सरोवरातली त्यांची संख्या तसूभरही कमी होत नाही. एव्हाना निसर्गाने त्यांना सामावूनही घेतले आहे. ट्राउट आणि बास त्यांच्यावर पोसले जातात. ईरी सरोवरातला पाणसाप १९९९ साली संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला होता. गोबी हेच मुख्य खाद्य झाल्यावर तो सावरला आणि २०११ मध्ये यादीतून वगळला गेला. खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच उपायाचा. २००६ ते २००८ या काळात कॅनडा आणि अमेरिका यांनी येणाऱ्या जहाजांना रिकाम्या टाक्याही समुद्राच्या पाण्याने धुणे बंधनकारक केले. त्यानंतर नव्या परक्या जातींचे येणे फारच कमी झाले. म्हणजे मासेमाराचे पहिले कर्तव्य मारण्याचे नव्हे, न वाहून नेण्याचे आहे. यलोस्टोनसारख्या बंदिस्त पाण्यात, जिथे मारण्याने मूळ मासा खरोखर सावरतो, तिथे मारण्याला अर्थ आहे. जिथे तसे होत नाही, तिथे ती केवळ सवय उरते, आणि सवयीने केलेली हत्या ही सर्वांत संशयास्पद.

आपणही या प्रश्नापासून दूर नाही. काश्मीर आणि निलगिरीच्या थंड प्रवाहांत ट्राउट इंग्रजांनी आणला. १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया भारतात आला. उजनीच्या काठी तोच आज 'चिलापी' झाला आहे, आणि कित्येक कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटते. त्याला उपरा म्हणायचे तर कोणाच्या तोंडाने? माणसांच्या बाबतीत हा शब्द आपण किती निष्ठुरपणे वापरला आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. माणसाला माशाच्या न्यायाने तोलणे हे पातक. परंतु माशाला माणसासारखा घुसखोर ठरवून द्वेषाने मारणे, ही त्याच पातकाची पूर्वतयारी असते.

शेवटी माझ्याही गळाला एक गोबी लागला. मी तो हाती घेतला. त्याच्या पोटाखालचे पर जुळून एक चोषक बनलेला असतो; त्याने तो माझ्या तळव्याला चिकटला. दांडके जवळच होते. पाणीही जवळच होते. मारावा की सोडावा, या विचारात मी उभा राहिलो, आणि तेवढ्या वेळात तो माझ्या हातात तडफडत राहिला. वृद्ध गृहस्थांनी काही न बोलता तो माझ्याकडून घेतला आणि एका घावात संपवला.

मग ते एवढेच म्हणाले, "करायचे ते लवकर करावे." त्यांच्या नियमाविषयी मला आजही शंका आहे. परंतु त्या सकाळी त्या जिवाला सर्वांत जास्त यातना झाल्या, त्या माझ्या विवेकापायी. तळव्यावरची ती पकड सुटली, तेव्हा मला बरेही वाटले नव्हते.