सोडलेली ओळ

दिवाळीत सगळ्यांना सुट्टी असते, द्राक्षवाल्याला नसते. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झालेला असतो, कोवळे घड बाहेर पडलेले असतात आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरून येतं. आमच्या दिंडोरी तालुक्यात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांच्या जोडीला ब्लोअरचे आवाज येतात, ते त्यामुळंच.

अशाच एका दिवाळीत आम्ही तिघं भावंडं ओट्यावर बसलो होतो. तिघंही संशोधन करणारे. चुलतभाऊ राहुरीच्या कृषी विद्यापीठात डाऊनीवर काम करतो. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरून बघता बघता बाग बसवणारा हा रोग. मामेभाऊ पुण्यात कॉम्प्युटरचं करतो. खेड्यातली मराठी मशीनला ऐकून लिहिता यावी, हा त्याचा विषय. त्याचं मशीन बातम्यांची मराठी झकास लिहून घेतं आणि माझ्या वडिलांच्या एका वाक्यात तीन ठिकाणी अडखळतं. मी मराठी साहित्यात पीएचडी करते. विषय, जात्यावरच्या ओव्या.

नाना, म्हणजे माझे वडील, फवारा मारून आले. हातपाय धुतले, चहाचा कप घेतला आणि म्हणाले, "तिघंबी एवढं शिकता. कुणाच्या अभ्यासानं माझा एक घड वाचंल, तेवढं सांगा."

चुलतभावानं लगेच हात वर केला. मामेभाऊ म्हणाला, "मामा, तुम्ही नुसतं बोलायचं, फोन फवारणीची नोंद आपोआप करेल." सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. बारावीनंतर विचारतात, "यात स्कोप काय?" पीएचडीला विचारतात, "याचा उपयोग काय?" चिडणं सोपं असतं. मी मात्र चिडू शकत नव्हते. माझी फेलोशिप जनतेच्या पैशातून येते, आणि विचारणारा माणूस आत्ताच औषधाच्या वासासकट बागेतून आला होता. त्याला विचारायचा हक्क होता.

म्हणून मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. ते गोष्टीच्या रूपात होतं.

जपानमध्ये भाताला एक रोग पडायचा. रोपं भराभर उंच व्हायची, फिकट पडायची, लोळायची आणि दाणा धरायची नाहीत. शेतकरी त्यांना ‘बावळट रोपं’ म्हणायचे. १९२६ साली तैवानमध्ये, तेव्हाच्या फोर्मोसात, एइची कुरोसावा नावाच्या संशोधकानं दाखवलं, की हा उद्योग एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्याचा आहे. १९३५ मध्ये यबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन असं नाव दिलं. भाताच्या रोगाचा विषय. द्राक्षांचा त्यात कुठं मागमूस नव्हता.

"तेच तुमचं जीए," मी म्हटलं.

नानांनी कप खाली ठेवला. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. दिंडोरीतल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला ते माहीत आहे. आपल्या बिनबियांच्या द्राक्षात मणी फुगवणारं हे द्रव्य पुरेसं तयार होत नाही, कारण ते मुख्यतः बी तयार करतं. मग पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायका एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवत जातात. तेव्हा कुठं मणी बाजारात चालेल एवढा होतो. तैवानमधल्या बावळट रोपांचं पाणी आमच्या मगांपर्यंत असं आलं.

मला वाटलं, जिंकले. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लॉटरी. एकाला लागली, ती तू सांगितली. ज्यांना लागली नाही, त्यांचं काय?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं, की नानांनी माझ्या उत्तरातली खोट पकडली आहे. ‘आज निरुपयोगी दिसतं, उद्या उपयोगी पडेल’ असं म्हणताना मी मोजायचं माप त्यांचंच ठेवते, फक्त मुदत वाढवून मागते. पीककर्जासारखी. आणि मुदत संपली तरी बहुतेक संशोधनाला जीएसारखं नशीब लाभणार नाही. माझ्या ओव्यांना तर नाहीच. त्यांच्यातून कधी औषध निघणार नाही. मग त्या अभ्यासाच्या बाजूनं मी उधारीच्या भाषेत का बोलतेय?

दिवाळी संपवून मी पुण्याला परत निघाले. एसटी नारायणगावच्या टापूत आली, की इथंही आमच्यासारखीच द्राक्षं आणि टोमॅटो. पण या भागात, खोडदला आणि भोवतालच्या शेतांमधून, प्रचंड जाळीदार थाळ्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत. ही जीएमआरटी दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, तीस अँटेनांची, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी मिळावा म्हणून ही जागा निवडली. २०२३ च्या जूनमध्ये जगभरातल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची एक सततची गुणगुण असल्याचा पुरावा मिळतो आहे. त्यात या थाळ्यांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या पल्सार ताऱ्यांच्या नोंदीही होत्या. या लहरींचं एक आंदोलन पुरं व्हायला काही वर्षं लागतात. त्यानं खालच्या शेतातला टोमॅटो महाग होत नाही की स्वस्त होत नाही.

तरीही ते काम फुकट गेलं असं खिडकीतून बघताना मला वाटेना. का वाटत नाही, हे मात्र शब्दांत सांगता येईना.

उपयोगाच्या मापात दुसरीही एक अडचण आहे. ती आमच्या घरानं भोगली आहे. २०१० साली मी शाळेत होते. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आमच्याकडं त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची फाजील वाढ रोखायला वापरायचे. तिथली मर्यादा होती किलोमागं ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. कंटेनर बंदरांत अडकले, भाव पडले, ज्या व्यापाऱ्यानं आमचा माल उचलला होता त्यानं पैसे द्यायला हात वर केले. त्या वर्षी आईच्या बांगड्या गेल्या आणि परत आल्या नाहीत.

नाना अजून म्हणतात, "फवारणाऱ्यानं नाही, मोजणाऱ्यानं मारलं." पुढं शिकल्यावर मला कळलं, की ती मर्यादा म्हणजे ‘याच्या पुढं विष’ अशी रेघ नव्हतीच. तिथं ज्या औषधाला त्या पिकावर मान्यता नसते, त्याची मर्यादा साधारण यंत्राला खात्रीनं दिसेल तेवढ्या कमीवर ठेवतात. म्हणजे कुठंतरी कुणा रसायनशास्त्रज्ञानं आपलं यंत्र जास्त बारीक केलं, आणि त्या बारकाईचा फटका दिंडोरीतल्या घराला बसला. ते संशोधन उपयोगी होतं का? खाणाऱ्याला, होय. आम्हाला, त्या वर्षी तरी, नाही. पण ते खोटं होतं का? नव्हतं. सीसीसी आमच्या द्राक्षात होतं. नानांनीच मारलं होतं. व्यापाऱ्यावर ते आजही संतापतात, पण त्या आकड्याला खोटं म्हणालेले मी कधी ऐकले नाहीत.

‘उपयोग काय’ हा प्रश्न अपुरा वाटू लागला तो इथं. त्याच्या मागं ‘कुणाला’ आणि ‘कधी’ जोडल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. आणि ते जोडलं, की उत्तर माणसागणिक बदलतं. मग असा कुठला प्रश्न आहे, जो डाऊनीच्या अभ्यासाला, मशीनला, दुर्बिणीला आणि ओवीला सारखाच विचारता येईल?

त्याचं उत्तर मला माझ्याच प्रबंधानं दिलं, आणि ते देताना पाठीत धपाटा घातला.

माझी आत्या वणीला दिलेली. गिरणी यायच्या आधी पहाटे जात्यावर बसणाऱ्यांतली. तिच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या. माहेरी येणाऱ्या भावाबद्दलच्या तिच्या ओव्यांत एक अशी उपमा होती, जी मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडंही ती मिळाली. मी हरखले. अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं, की हा कादवाकाठचा स्वतःचा घाट आहे, इथल्या बायकांनी इथंच घडवलेला. अडतीस पानं झाली. मार्गदर्शकांना आवडलं.

जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा साठा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसोबत मुळशीच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल यांनी त्या कॉम्प्युटरवर शोधता येतील अशा रचल्या. आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. मी तो साठा चाळला होता, पण मला हव्या त्या शब्दांनी. मामेभावानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. शब्द थोडे इकडंतिकडं झाले, उच्चार बदलले, तरी सारखी ओवी ओळखणारा. मजा म्हणून आत्याची ओवी त्यात घातली.

ती सापडली. पुणे जिल्ह्यातल्या मावळपट्टीतल्या एका बाईच्या तोंडी. दोन शब्द वेगळे, उपमा तीच.

मामेभाऊ म्हणाला, "सॉरी." मग जरा थांबून, "तसं कोण बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. एक लाख ओव्यांत ती एक. परीक्षकांना ती माहीत असण्याची शक्यता जवळपास शून्य. प्रबंध कपाटात जाणार होता. ओव्यांच्या उगमाबद्दल चुकीचं वाक्य छापलं म्हणून कुणाचा घड जळणार नव्हता. ‘उपयोग काय’ या मापानं बघितलं तर ती ओळ लपवण्यात काहीच तोटा नव्हता. उलट सहा महिने वाचत होते. त्या मापाचं खरं भय मला त्या रात्री कळलं. ज्याचा उपयोग नाही त्यात खोटं चालून जातं, असं ते माप हळूच कानात सांगतं.

मी गावी आले. नाना बागेत होते. बाकी सगळ्या ओळींवर नव्या औषधाचे डाग होते, मधली एक ओळ तशीच हिरवी. मी विचारलं, ही का राहिली?

"दुकानदार म्हणतो, हे मारा, मणी चमकतो. म्हटलं, मारतो. पण एक ओळ सोडून. नाहीतर कळणार कसं, औषधानं चमकला का उन्हानं?"

हे ते दरवर्षी करतात. मी लहानपणापासून बघत आलेय आणि कधी बघितलंच नव्हतं. त्या सोडलेल्या ओळीत ते स्वतःचं नुकसान करून घ्यायला तयार असतात, केवळ स्वतःला फसवून घ्यायचं नाही म्हणून. चुलतभाऊ प्रयोगशाळेत हेच करतो, काही पानांवर नुसतं पाणी फवारतो. मामेभाऊ मशीनला कधी न ऐकवलेले आवाज बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर तपासतो. खोडदचे लोक थाळीतला सूर तारेचा नाही, मोबाइलचा नाही, ताऱ्याचाच आहे, याची खात्री करण्यात वर्षं घालवतात. विषय आभाळ-पाताळाएवढे वेगळे, पण प्रत्येकाकडं एक सोडलेली ओळ असते. ‘हे खरं आहे हे तुला कसं कळलं, आणि खोटं निघालं तर सांगशील का?’ हा प्रश्न यातल्या प्रत्येकाला विचारता येतो, आणि विचारायला पीएचडी लागत नाही. माझी ओळ त्या एक लाखात होती, आणि मी तिच्याकडं पाठ करून उभी होते.

यानं सगळे प्रश्न सुटतात असं मला म्हणायचं नाही. प्रामाणिक असूनही फुटकळ संशोधन असतं. पैसा मोजका आहे, आणि गारपीट झालेल्या तालुक्यात बुरशीच्या अभ्यासाला आधी पैसे द्या असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. पण आधी कुणाला, हा वाटणीचा प्रश्न आहे. काय खरं, हा त्याच्या आधीचा. बुरशीच्या अभ्यासालाही पहिला प्रश्न तोच लागतो.

अडतीस पानं मी काढली. आत्याला वणीला जाऊन मावळातल्या त्या बाईचा आवाज ऐकवला. मला भीती होती, तिला वाईट वाटेल. ती फोन कानाला लावून बसली. "कोण गं ही? हिला कुणी सांगितलं?" मग पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं बरोबर म्हणायला सुरुवात केली, आणि जिथं दोन शब्द वेगळे होते तिथं स्वतःचे शब्द जोरात म्हटले. कधी न भेटलेल्या दोन बायका एकच ओवी कशा म्हणतात, ती कुणाच्या माहेर-सासरातून इतकी लांब आली, हे आता माझं नवं प्रकरण आहे. त्याचं उत्तर मिळेल की नाही, माहीत नाही.

त्या वर्षी नानांच्या सोडलेल्या ओळीत आणि बाकीच्या बागेत काही फरक पडला नाही. त्यांनी ते डायरीत लिहिलं आणि पारावर चौघांना सांगितलं. दुकानदाराला आवडलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "ती फाडलेली पानं कुठंयत?"

"रद्दीत टाकणारे."

"टाकू नको," ते म्हणाले. "वर लिहून ठेव, चुकलं म्हणून. पुढच्याचे सहा महिने वाचतील."