जलसंजीवनी

देवा, काल रात्रभर लेकीच्या उशाशी बसले होते. दुपारपासून उलट्या, जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवलं आणि थोड्या थोड्या वेळानं चमचा चमचा पाजत राहिले. पहाटे तिला लघवी झाली. त्या ओल्या दुपट्यावर हात ठेवून मी रडले. तुझे आभार मानायला बसलेय, आणि काही मागायलाही.

माझ्या पणजीची दोन मुलं पटकीनं एका आठवड्यात गेली. तिनं मरीआईला नवस केला, वेशीपर्यंत अनवाणी गेली. मीठ तिच्या घरात होतं, गूळ होता, विहिरीला पाणी होतं. माया तर माझ्याहून कणभरही कमी नव्हती. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गोड सोबत असलं तर पटकीतलं आतडंही मीठ आत घेतं आणि मिठामागोमाग पाणी जातं. ही वाट तूच आखून ठेवली होतीस ना? मग ती आम्हाला सापडेपर्यंत इतकी बाळं का जावी लागली? रागानं नाही विचारत. पण विचारल्यावाचून राहवत नाही.

१९६० च्या दशकात हे शास्त्रज्ञांना उमगलं, ढाक्याला रुग्णांवर पडताळूनही झालं. तरी घराघरांत पोचलं नव्हतं. मग १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. डॉक्टर दिलीप महालनोबीस तिथे होते. खोल्यांत जमिनीवर निजलेले रुग्ण, आणि त्या घाणीतच गुडघे टेकून सलाइन लावायचं. सलाइनही संपत आलं. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पेले नातेवाइकांच्या हाती दिले. छावण्यांत शेकडा तीस रुग्ण दगावत होते. त्यांच्याकडे हे प्रमाण चाराच्याही खाली आलं.

देवा, समोरचं मरण ज्याला बघवत नाही आणि हात रिकामे आहेत म्हणून ज्याला गप्प बसवत नाही, अशा माणसाच्या गुडघ्यांवरून तू आम्हा सगळ्यांना पुढे नेतोस. मला तरी असंच दिसतं. विद्या हवीच, तिच्यावाचून माझी पणजी हरली. पण विद्येला पिंपापर्यंत आणणारी तळमळ तूच कुणाच्या तरी पोटात घालतोस.

पुढे बांगलादेशात बायका दारोदार हिंडल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, असं एकेका आईला तिच्याच चुलीपाशी करून दाखवलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. त्या बायकांची नावं मला ठाऊक नाहीत. तुला आहेत.

आणि अजूनही दरवर्षी जगात लाखो लेकरं जुलाबानं जातात. जलसंजीवनीची पुडी दुकानात आहे, तरी जातात. हे मला सवयीचं होऊ देऊ नकोस. ओढ्यापलीकडे ऊसतोड टोळीची पालं पडली आहेत, तिथे तान्ही मुलं आहेत. संध्याकाळी पुड्या घेऊन जाणार आहे. तिथल्या आईला पटेल असं बोलणं माझ्या जिभेवर ठेव, आणि ती काही सांगू लागली तर मला थांबून ऐकू दे.

मी येईपर्यंत लेकीजवळ तू बस.