पहिलीचे वाचन, एम.ए.चा विषय

मूल वाचायला कसे शिकते हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे, हा विचार फार जुना नाही. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवली, बाराखडी पाठ झाली की वाचन आले असे धरत. न आल्यास दोष मुलाचा.

या समजुतीला पहिला धक्का प्रयोगशाळेतून बसला. अमेरिकेत एडमंड ह्यूई याने वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लास्टरची पातळ टोपी बसवली, तिला हलका काटा जोडला आणि डोळ्याची हालचाल काजळी धरलेल्या कागदावर उमटवून घेतली. डोळा ओळीवरून सरकत नाही. तो उड्या मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. 1908च्या त्याच्या ग्रंथाने वाचन हे डोक्यात घडणारे गुंतागुंतीचे काम आहे, हे ठसवले.

पुढे वाद पेटला. 1967 साली केनेथ गुडमन यांनी मांडले की वाचणारा संदर्भावरून अंदाज बांधत अर्थाकडे जातो. प्रत्येक अक्षर फोडत बसत नाही. त्याच वर्षी जीन चॉल यांनी तोवरची संशोधने तपासून सांगितले की अक्षर आणि आवाज यांचे नाते सुरुवातीलाच नीट शिकवलेले बरे. अक्षर आधी की अर्थ आधी, यावर दोन पिढ्या भांडल्या. अक्षर ओळखण्याच्या बाबतीत पुरावा चॉल यांच्या बाजूने गेला, असे माझे मत आहे. पण अर्थाशिवाय मूल वाचनाकडे वळतच नाही, हे गुडमनपंथीयांचे म्हणणेही खोटे ठरलेले नाही.

ब्रायन स्ट्रीट यांनी प्रश्नच बदलला. इराणच्या एका खेड्यात मकतबात धर्मग्रंथ वाचायला शिकलेली माणसे तीच अक्षरे फळांच्या व्यापारात, हिशेबाला वापरताना त्यांनी पाहिली. 1984च्या पुस्तकात त्यांनी म्हटले की साक्षरता एकच एक नसते. माणसे तिचे काय करतात त्यावर तिचे रूप ठरते.

हे सगळे आपल्या कामाचे आहे, पण त्यातले बरेचसे इंग्रजीवर उभे आहे. इंग्रजीत 26 अक्षरे. आपल्याकडे 34 व्यंजनांची बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे वेगळी. दुसरीतल्या मुलाला एकटे ‘खि’ दाखवून पाहा. पुष्कळ मुले ‘ख, खा, खि’ असे पहिल्यापासून म्हणत तिथवर येतात, कारण बाराखडी चालीवर पाठ असते, चिन्ह ओळखीचे नसते. त्यात ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. एकटा ‘र’ घ्या: प्रकार, सूर्य, राष्ट्र, दऱ्या. चार शब्द, चार रूपे. सोनाली नाग यांनी 2007 मध्ये कन्नड मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अक्षरांचे हे शिकणे चौथीपर्यंत रेंगाळते, असे त्यात दिसले. इंग्रजीचे वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही, ते यामुळे.

मराठीत हे ओळखून काम केले ते मॅक्सिन बर्नसन यांनी. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली आणि मग शाळेत मागे पडणाऱ्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवले. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता त्यांचे छोटे गट पाडायचे, आणि पहिल्या गटापासूनच मुलाने ओळखीचे शब्द वाचायचे, लिहायचे. अक्षर आणि अर्थ यांतला तो जुना वाद एका पाटीवर मिटलेला मला दिसतो. पुढे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघरच्या वाडा तालुक्यात मराठी आणि यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर वाड्यासारख्या आदिवासी भागात किती छळते, हे वर्गात बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

असे काम करायला माणसे तयार कुठे होतात? मराठीच्या एम.ए.ला साहित्य असते, समीक्षा असते, भाषाविज्ञान असते. पहिलीतले मूल ‘कमळ’ कसे वाचते हे क्वचितच असते. डी.एल.एड.ला ते पद्धतींच्या यादीत उरकले जाते. ज्या भाषेत कोट्यवधी मुले वाचायला शिकतात, तिच्या वाचनाचा अभ्यास काही संस्थांच्या चिकाटीवर सोडून भागणार नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि शिक्षणशास्त्र विभागांनी मिळून प्रारंभिक वाचन-लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठीतून सुरू करावा, आणि त्याच्या पहिल्या तुकडीत प्राथमिक शिक्षकांना पगारी रजा देऊन बसवावे.