स्थूल बालकाचा दोष कोणाचा?

एखादे मूल वाजवीपेक्षा लठ्ठ दिसले म्हणजे लोक त्यास खादाड व त्याच्या आईस निष्काळजी ठरवून मोकळे होतात. हा न्याय खरा आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे ५ ते १९ वर्षांच्या मुलांत अतिस्थूल मुले सन १९९० साली शेकडा २ होती, ती २०२२ साली शेकडा ८ झाली. अवघ्या एका पिढीत जगातील बालकांचा स्वभाव चौपट अधाशी झाला, असे कोण म्हणेल? स्वभाव तोच आहे; बाजार पालटला आहे.

ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांच्या कारखानदारांवर कर बसविला, तेव्हा कित्येकांनी तो लागू होण्यापूर्वीच पेयांतील साखर उतरविली. जे त्यांस साध्य होते, त्याचा ठपका बालकावर ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

मग आईबापांस कर्तव्य नाही काय? आहेच. घरात काय शिजावे व पोरास खाऊ म्हणून काय द्यावे, हे त्यांच्या हाती आहे. परंतु वाचकहो, हिणविलेले मूल खेळावयासही लाजते. म्हणून त्याच्या ताटाची काळजी वाहा; त्याच्या देहाची थट्टा करू नका.